दुरुस्तीबाईंनी जीभ आवरली

संध्याकाळच्या भाषावर्गात बाईंचं टोपणनाव पडलं होतं दुरुस्तीबाई. परमुलखातून कामधंद्यासाठी आलेली मोठी माणसं दिवसभर राबून इथली भाषा शिकायला यायची आणि बाई त्यांच्या प्रत्येक वाक्याचा कान पिळायच्या. बाई एक वाक्य म्हणणार, वर्ग ते घोकणार, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घोकून घोकून जीभ वळते, सवयीनं भाषा येते, असंच त्या शिकल्या होत्या आणि केस पिकेपर्यंत तसंच शिकवत आल्या होत्या. घरीही तोच खाक्या. बसचालक म्हणून निवृत्त झालेले यजमान म्हणायचे, "अगं, वाक्य पुरं तर होऊ दे, मग काढ चूक!"

मग शिक्षकांसाठी एक शिबिर निघालं. बाई कपाळाला आठ्या घालूनच गेल्या. तिथल्या तरुण प्रशिक्षकानं एका अगदी अनोळखी भाषेतलं वाक्य म्हटलं आणि बाईंनाच उभं केलं. बाई चुकल्या. त्यानं सगळ्यांदेखत सुधारलं. पुन्हा चुकल्या, पुन्हा सुधारलं. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि पुढे तोंडातून शब्दच फुटेना.

नंतर तो त्याच भाषेत नुसता बोलत आणि करून दाखवत राहिला. उठा, खिडकी उघडा, पिशवी शेजारणीकडे द्या. बोलायची सक्ती कुणावरच नव्हती. थोड्याच वेळात बाई खुशीत खिडक्या उघडत होत्या.

"आधी कळतं, मग बोलता येतं," प्रशिक्षक म्हणाला. "तान्हं मूल किती महिने नुसतं ऐकतं! आणि चूक सुधारायचीच, तर बरोबर वाक्य आपण सहज बोलून जायचं. चारचौघांत पाणउतारा कशाला?"

बाईंना चटकन आठवली ती मागच्या बाकावरची केस कापणारी. वर्ग सुरू झाल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. हिच्या डोक्यात काही शिरत नाही, असं बाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या वर्गात बाईंनी खुर्ची मधोमध ठेवली, खांद्यावर टॉवेल घेतला आणि त्या केस कापणारीला म्हणाल्या, "घ्या कात्री. बाकीच्यांनी फक्त सांगायचं."

वर्गाच्या उत्साहाला ऊत आला. "मागून कापा!" "कानाजवळ हळू!" वर्ग सांगेल तिथे कात्री बिनचूक फिरत होती. बाई मनात चरकल्या. अरे देवा, हिला सगळं कळतंय की!

तेवढ्यात वर्गातला एक वायरमन ओरडला, "डावीकडे आणखी कमी करा!" बेकरीवाला म्हणाला, "छे, उजवीकडे!" दोघांची जुंपली. केस कापणारीनं कंगवा टेबलावर आपटला.

"गप्प बसा सगळे! केस तुमची नाही, बाईची आहे!"

बाईंच्या ओठांवर दुरुस्ती आली होती. ती त्यांनी गिळली.

"खरंच आहे," त्या म्हणाल्या. "केस माझे आहेत, तुमचे नाहीत. आणि उरलेले मला हवे आहेत!"

हशा पिकला. केस कापणारीही हसली. "हो, केस तुमचे आहेत," ती म्हणाली. "आता हलू नका."

बाईंना टाळी वाजवावीशी वाटली, पण कात्री कानाशी होती.

वायरमन मात्र हटून बसला. "बाई, हे 'तुमचे' कसं आणि 'तुमची' का नाही? नियम सांगा. नियम कळल्याशिवाय मला चैन पडत नाही." मग बाई अर्धवट कापलेल्या केसांनी फळ्यापाशी गेल्या आणि त्याला रीतसर नियम समजावून सांगितला. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे केस कापणारीला बाजारातल्या मोठ्या सलूनमध्ये काम मिळालं. बाई आता तिच्याकडेच जातात. ती कात्री चालवता चालवता घरमालकिणीच्या कटकटी, बहिणीचं लग्न, नवऱ्याचं घोरणं, सगळं चुकतमाकत सांगत सुटते. आणि बाई आरशात तिच्याकडे बघत पोट धरून हसतात.