मला चालत नाही

शमीमआपा काल दुपारी गेल्या.

मी त्यांच्या हातचं खात नाही, कारण त्या मुसलमान आहेत, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

खरं कारण शेंगदाणे होते.

हसू नका. मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. नुसती खाज वगैरे नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो. नववीत असताना लग्नघरात चिक्कीचा एक तुकडा खाल्ला, तर कळसाडीहून शहाद्याला जीपमध्ये आडवी घालून न्यावं लागलं होतं.

आणि जन्माला आले कुठे, तर खानदेशात. भाजीत कूट, चटणीत कूट, फोडणीचं तेलही शेंगदाण्याचं.

सहा वर्षांपूर्वी शहाद्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. पहिलीच नोकरी. निघताना आई दारात म्हणाली, "तुन्ही बिमारीनं कोनले सांगू नको. लगन व्हवानं शे अजून."

आईचंही खरं होतं. लॅबच्या काउंटरवर अर्धा तालुका येतो. बातमी माझ्याआधी घरी पोचली असती.

मग मी दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायचे, आणि स्वतःचं दुखणं पर्समध्ये अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनशेजारी लपवून ठेवायचे.

शमीमआपा काउंटरला होत्या. रिपोर्ट द्यायच्या आणि आम्हा सगळ्यांवर डाफरायच्या. पहिल्या दिवशी एका लहान मुलीचं रक्त घेताना ती सारखी हात ओढून घेत होती. आपा काउंटर सोडून आल्या, पोरीचा दंड धरला आणि मला म्हणाल्या, "सुई आधी दपाडी ठेव. मंग हासीन बोल तिनासंगे."

दपाडी, म्हणजे लपवून. ते मला चांगलंच जमत होतं.

आमच्या लॅबमध्ये नव्या माणसाला सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास द्यायची पद्धत होती. मी सांगितलं, माझे उपास चालू आहेत. सुटले.

दुसऱ्या दिवशी आपा साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. माझ्यासाठी. वरून दाण्याचं कूट, सढळ हाताने.

"हाई तं चाली ना?"

मी म्हटलं, "मला नाही चालत, आपा."

एवढंच. काय चालत नाही, ते सांगितलं नाही. आपल्याकडे "चालत नाही" हे कोण कोणाला म्हणतं, ते तुम्हाला माहीत आहे. मला तेव्हा ते सुचलंही नाही. मला समोर फक्त कूट दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यात लॅबमधल्या सोनालीने तिच्या मुलाचा उरलेला दहीभात पुढे केला. साधाच होता, ना कूट ना फोडणी. मी खाल्ला.

आपा समोरच बसल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि आपल्या डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून आमचं जेवण झाल्यावर त्या एकट्या जेवायला बसू लागल्या.

मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं आज म्हणणार नाही. आपांना बाजूला घेऊन एक वाक्य सांगायचं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलंही नसतं. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

महिन्याभराने त्यांनी माझ्या टेबलावर एक नवाकोरा स्टीलचा डबा ठेवला.

"बेटा, हाई येगळं शे."

मला वाटलं, भाजी वेगळी आहे. झाकण उघडलं तर वांग्याची भाजी. वर तेलाचा तवंग, खाली दाटसर कूट.

मी झाकण लावलं आणि म्हटलं, "नको आपा."

त्यांनी डबा उचलला. त्यानंतर त्यांनी मला कधी खायला विचारलं नाही. बाकी सगळं विचारायच्या. बस मिळाली का, डोकं दुखतंय का.

पुढे माझं लग्न ठरलं. मुलाला मी पहिल्याच भेटीत अ‍ॅलर्जीचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "बरं. चटणी मी एकटा खाईन." इतकं सोपं होतं ते.

लग्नानंतर मी नाशिकला आले. मागच्या दिवाळीत शहाद्याच्या एसटी स्टँडवर आपा भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "येळवर जेवस ना बेटा?"

आता सांगावं, असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात बस लागली. म्हटलं, पुढच्या वेळी घरीच जाऊ आणि नीट सांगू.

आज गेले त्यांच्या घरी.

त्यांच्या मुलीने, नाझियाने, मला नावावरून ओळखलं. म्हणाली, "तुमच्यासाठी अम्मीने वेगळी कढई आणली होती. त्यात कधी मटण शिजवलं नाही. चमचासुद्धा नवा. तेल घाण्यावरचं, शुद्ध शेंगदाण्याचं. मला हात लावू दिला नाही."

"येगळं" म्हणजे हे होतं.

मी विचारलं, आपा माझ्यावर रागावल्या होत्या का?

"नाही हो. म्हणायची, उस बच्ची का क्या कसूर, घर का रिवाज है."

जे मी केलं नव्हतं, त्याची त्यांनी मला कधीच माफी देऊन टाकली होती. जे केलं, ते त्यांना कळलंच नाही.

मी नाझियाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकदा बोलायचं होतं ना ताई. अम्मीने तीळ घालून केली असती भाजी."

शेजारच्या घरून खिचडी आली होती. नाझियाने माझ्यापुढेही ताटली ठेवली.

बायका भरलेल्या खोलीत मी मोठ्याने विचारलं, "यात शेंगदाणे आहेत का?"

नाझिया उठली, शेजारणीला विचारून आली. "नाहीत. खा."

आपा, आज मी तुमच्या घरी जेवले. तुमच्या हातचं नव्हतं.

भावपूर्ण श्रद्धांजली, आपा. मला फक्त शेंगदाणे चालत नव्हते.