रिकामा घाणा

कल्याणात आमच्या शेजारी एक तेली नवरा-बायको घाणा चालवायचे. तो तीळ घालायचा, ती बैलामागे फिरायची. सगळी हयात एकत्र काढलेली, पण बोलणं जेमतेम. तो नुसता खाकरला की ती बैल थांबवायची.

प्लेगात ताप आलेल्या माणसाला सरकारी शिपाई घरातून उचलून छावणीत नेत. तेव्हा एकदा मी तेल आणायला गेले, तर ती एकटीच फिरत होती. घाण्यात तीळ नव्हते. लाकूड झिजतं म्हणून रिकामा घाणा तेली कधी फिरवत नाहीत.

“अगं, हे काय?”

“घाणा थांबला तर लोक विचारतील, हे कुठं आहेत म्हणून,” ती पुटपुटली.

तेवढ्यात आतून खाकरणं ऐकू आलं. सवयीनं बैल जागीच थांबला. आम्ही दोघी रस्त्याकडच्या दाराकडे बघत राहिलो.