सोनामावशी आणि डुकराचा जंत

सोनामावशी मुळा धुवायची, मग त्याच्याकडे संशयानं बघायची आणि पुन्हा धुवायची. पवनानगरच्या शाळेवर असताना मी तिच्या शेजारी भाड्यानं राहत होते. "बाई, पोटात जातंय त्ये सोवळंच पायजे," असं ती मला बजावायची. नवरा-बायको दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ होती आणि घरात अंडंसुद्धा येत नसे.

एका दुपारी बोलता बोलता ती कोसळली. हातपाय झटकू लागली, तोंडाला फेस आला. पुन्हा तसंच झालं तेव्हा तिला आणि तिच्या नवऱ्याला, धोंडूआबांना, मीच वडगावला डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "मेंदूत जंताच्या गाठी आहेत. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी असतो ना, त्याच्या. गोळ्यांनी बरं होतं."

दोघांनी 'डुकराच्या' एवढंच ऐकलं. घरी येताच आबांनी तिला माळ काढायला लावली आणि स्वतः नेऊन पवना नदीत सोडली.

मावशी गोळ्यांना शिवेना. "गोळी घेतली म्हंजी खाल्लं आसं कबूल केलं. मेले तरी घ्यायची न्हाई." पुन्हा झटका आला. माझं तर डोकंच फिरलं. ओढतच तिला परत डॉक्टरांपुढे बसवलं.

"मावशी, अर्धकच्चं मांस दुसऱ्याच कुणी खाल्लं," ते म्हणाले. "जंत त्याच्या आतड्यात. जंताची अंडी त्याच्या शौचातून पडतात आणि न धुतलेल्या हातांनी तुमच्या पोटात जातात."

"म्हंजी म्या डुक्कर न्हाई, मानसाची घाण खाल्ली?"

"हो."

"मंग बरं," मावशी म्हणाली आणि तिथंच पाणी मागून पहिली गोळी घेतली.

डॉक्टरांनी घरातल्यांचीही तपासणी सांगितली. घरात आबाच. जंताची अंडी त्यांच्याच शौचाच्या नमुन्यात सापडली. आबा पवना धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंवर राखणीला होते. पाहुणे शेकोटीवर जे मांस भाजत, ते आबांनाही आग्रहानं देत, आणि आबा खात. आणि घरी येऊन मावशीसाठी भेळ कालवायचे ते आबाच. हात धोतराला पुसून.

आबांचं एका वेळच्या औषधानं भागलं. मावशीला जंताच्या गोळ्या संपल्यावरही झटक्यांचं औषध कितीतरी महिने घ्यावं लागलं. पण बाई वाचली.

आबांच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मी तो वाचून दाखवला, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं ते निवडून संपवले. मग उठून आबांपुढे हात पसरला.

"काढा."

आबांनी गळ्यातली माळ काढून दिली. मावशीनं ती घातली आणि खाली वाकून बघितली.

"लांब हाय जरा," ती म्हणाली. "चालंल."