घरापासून चार किलोमीटरवर

अकरा वाजता मोठ्या गाड्यांची नो एंट्री सुटली तशा वडाळ्याला ट्रक टर्मिनलबाहेर उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून हलल्या. एकच हलली नाही. मागच्याने हॉर्न दिला, मग शिवी दिली, मग खाली उतरून दारावर थापा मारल्या. आत माझा नवरा डोकं मागे टेकून बसला होता... झोप लागली असेल असंच सगळ्यांना वाटलं. मला फोन आला तेव्हा मी दादरच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात नुकती पोचले होते, पर्स ठेवायची होती अजून. फोन रामसेवकचा, ह्यांच्याच शेठच्या दुसऱ्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा. "भाभीजी, आप जल्दी आ जाओ," एवढंच म्हणाला. मी पोचेपर्यंत त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. तिथे डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं.

याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक वाक्य हमखास बोलून गेलं. "निदान घराजवळ गेले हो." आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधल्या बायका बोलल्या, शाळेतल्या बाई बोलल्या, कणकवलीहून आलेले नातेवाईक बोलले. वीस वर्षांपूर्वी आसामात कुठे गेले असते तर काय हाल झाले असते, असं समजावून सांगणारेही निघाले. मी मान हलवत राहिले. मनात म्हणत होते, घराजवळ म्हणजे काय असतं ते मला विचारा. दत्ताराम वडाळ्याला गेले, लालबागपासून चार किलोमीटरवर. (त्यांच्यासमोर कधी नाव घेतलं नाही. इथे लिहिताना घेते आहे, रागावले तर रागावू देत.)

तेराव्याला तर कमालच झाली. माझ्या नणंदेचा मुलगा प्रशांत, अठ्ठावीस वर्षांचा, त्याने नुकतंच अवजड गाडीचं लायसन काढलंय. पानावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मामी, लोकल बरी पडते की लाँग? घरी जास्त कशात असतो माणूस?" त्याच्या आईने डोळे वटारले. मी त्याला आणखी भात वाढला आणि आत गेले. पोराचं चुकलं नव्हतं. लग्न ठरतंय त्याचं, होणारी बायको विचारत असणार. मीही तेच विचारत आले होते जन्मभर. शाळेत माझ्याकडे शिक्षकांच्या हजेरीचं मस्टर असतं. कोण आलं, कोण नाही, कोणाला लेट मार्क, हे बघण्यात माझी नोकरी गेली. घरातही मी दुसरं काही केलं नाही.

लग्न झालं तेव्हा ते लाँगवर होते. लखनौ, पाटणा, गुवाहाटी. वीस-बावीस दिवस बाहेर आणि मग पाच दिवस घरी. त्या वीस दिवसांत मी काय काय बोलत असे त्यांना मनातल्या मनात, ते इथे छापता येणार नाही. पण ते पाच दिवस... पाचही दिवस माणूस घरात असायचा. अख्खा. सकाळी मार्केटात जाऊन बांगडे आणायचे, स्वतः साफ करायचे, स्वतःच तिखलं करायचे आणि मला ओट्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. स्नेहलच्या, आमच्या मुलीच्या, वेण्या घालायचे. एक वर एक खाली, पण ती पोरगी त्याच वेण्या मिरवत शाळेत जायची. मी गप्प बसले की लगेच, "गप कित्याक बसलंस गो? वीस दिवस हिंदी बोलान बोलान माझ्या जिभेक फोड इले. बोल मा कायतरी." मी बोलायची नाही. निघायच्या आदल्या दिवशी भांडण काढायचीच, म्हणजे जाताना वाईट कमी वाटतं असा माझा एक खुळचट हिशेब होता. पाच दिवसांतला एक दिवस असा मीच दर वेळी खाऊन टाकला.

सासरे गेले तेव्हा दत्ताराम गुवाहाटीला होते. अग्नी धाकट्या दिराने दिला. हे पोचले ते दहाव्याला, थेट घाटावर. धाकट्या भावाचं मुंडण केलेलं डोकं बघून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझा काम तू केलंस रे." आणखी काही नाही. पण मी तो दहावा दिवस सोडला नाही. पुढचं वर्षभर काही झालं की तो काढायची. बापाला खांदा देता आला नाही, आता आमच्या वेळी तरी या... असलं काहीबाही. शेवटी त्यांनी लाँग सोडली आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरणारी गाडी धरली. नाशिक, कोल्हापूर, नागपूर. शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे बाहेर. दीड दिवसाच्या गणपतीसारखे. फरक एवढाच की गणपती आल्याबरोबर झोपत नाही. कपड्यांचं बोचकं माझ्यापुढे टाकायचे, आंघोळ करायचे आणि आडवे व्हायचे. रविवारी दुपारी जरा माणसात येताहेत असं वाटलं की शेठचा फोन. वेण्या घालायचं वय स्नेहलचं तोवर गेलं होतं. ती त्यांच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने बोलायची, आणि ते तिला पुन्हा पुन्हा विचारायचे, आता कितवीत तू?

मग मी लोकलसाठी, म्हणजे मुंबईच्या आसपासच फिरणाऱ्या गाडीसाठी, हट्ट धरला. स्नेहलची दहावी जवळ आली होती, बाप रोज घरी दिसायला हवा, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "लोकलात काय मजा नाय गो." मी म्हटलं, "मजा कोणाला हवी आहे? मला घरात माणूस हवाय." त्यांनी ऐकलं. माझं ते नेहमीच ऐकायचे, हेही लिहून ठेवते. बंदरातून माल उचलायचा आणि भिवंडीच्या गोदामांत टाकायचा, अशी नऊ वर्षं त्यांनी काढली. आणि त्या नऊ वर्षांत ते रोज घरी आले. मस्टर लावलं असतं तर एक खाडा निघाला नसता. पण मोठ्या गाड्यांना सकाळी आणि संध्याकाळी काही तास शहरात चालायला बंदी. त्या वेळा चुकवायच्या म्हणून आम्ही उठायच्या आत ते गेलेले असायचे आणि संध्याकाळची बंदी उठून, माल उतरवून येईपर्यंत आमची जेवणं आटोपलेली असायची. झाकलेलं ताट खायचे आणि झोपायचे. रोज. मला हवा होता तो माणूस घरात आला, फक्त मिटलेल्या डोळ्यांचा. तरी मी बिल्डिंगमध्ये सांगत फिरायची, आमचे आता लोकलला, रोज घरी असतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना माझी मलाच चीड येते. सकाळी माल भरून वडाळ्याला आलं की बंदी सुटेपर्यंत दोन-अडीच तास गाडी नुसती उभी. घर चार किलोमीटरवर, पण भरलेली गाडी सोडून ड्रायव्हरने जायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. डिझेल चोरतात, ताडपत्री फाडतात. लोकल लागल्यावर वर्षभराने एकदा म्हणाले, "तू साडेअकराक हापिसात जातंस. त्याच्या आधी येत जा मा वडाळ्याक. बस आसा सरळ. चाय पिऊ केबिनमध्ये, दोन घटका बोलाक मिळात." मला हसूच आलं. टॉवेल गुंडाळून आंघोळ करणारे ड्रायव्हर, तेल, चिखल, त्यात मी साडी नेसून, डबा घेऊन जाणार? शाळेतल्या कोणी बघितलं असतं तर? हे सगळं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून गुडघ्याचं कारण पुढे केलं. म्हटलं, "एवढ्या उंच गाडीत माझा गुडघा चढू देईल का? आणि रोज घरी येता ना आता, घरीच बोला की." ते बरं म्हणाले. पुढे दोन-तीनदा नुसतं बोलले, "ये एकदा. चढाक त्रास होवचो नाय." मी म्हणायची, बघू.

आठ वर्षं मी बघतच राहिले. ते जागे असायचे तेव्हा मी घरी भाजी निवडत बसलेली असायची आणि मनात कुढत असायची की नवऱ्याचा सहवास आपल्या नशिबी नाही. घरात असलेलीच हजेरी मी धरली. बाहेर, टायरांच्या आणि डिझेलच्या वासात, एक माणूस रोज अडीच तास रिकामा बसून होता, तो वेळ माझा होता आणि मी तो घेतला नाही. याचा राग मी कोणावर काढू?

गेल्या आठवड्यात रामसेवकचा निरोप आला की गाडीवर नवा ड्रायव्हर आलाय, ह्यांचं सामान घेऊन जा. स्नेहल येते म्हणाली, मी नको म्हटलं. बसने गेले. खरंच सरळ बस आहे. सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले असतील, गाड्यांची रांग लागली होती. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. रामसेवकने गाडी दाखवली आणि मी डाव्या बाजूने दरवाज्याशी गेले. तिथे नेहमीच्या पायदानाच्या बरीच खाली एक जाड लोखंडी पट्टी वेल्डिंग करून बसवली होती, वर रबर ठोकलेलं, पाय घसरू नये म्हणून. मी रामसेवककडे पाहिलं. तो म्हणाला, "आपके लिए लगवाया था ना भाभीजी, बहुत साल हो गये. भैया बोले, घुटने की तकलीफ है, इतना ऊँचा कैसे चढ़ेगी. सेठ चिल्लाया था, गाड़ी में कुछ भी लगाते हो. पर भैया ने निकालने नहीं दिया."

नवा ड्रायव्हर, बिहारचा तरुण माणूस, बाजूला उभा होता, तो म्हणाला, "बैठिए आंटी, ग्यारह बजने में टाइम है." मी त्या पट्टीवर पाय ठेवला. बरोबर माझ्या पावलाच्या बेताने होती, ना वर, ना खाली. एका पावलात केबिनमध्ये पोचले आणि डावीकडच्या सीटवर बसले.

गुडघा अजिबात दुखला नाही. तेव्हाही दुखत नव्हता.