ओल्या गोणपाटातले शंभर दाणे

सहा दिवसांपूर्वी आम्ही घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींनी मांडून गुंडाळून ठेवले होते. सत्तरच्या वर उगवले तर हेच बियाणं पेरायचं, नाहीतर विकत आणायचं.

दाणे काढताना मी वरचे टपोरे वेचत होते. आई हसली होती. "नवरा निवडतेस का गं? हात खोल घाल, येईल तो दाणा घे. सगळं पोतं कसंय ते कळाया नको?" संख्याशास्त्रातला नमुना निवडीचा धडा दोनदा वाचूनही उमगला नव्हता, तो तेव्हा उमगला.

आज आईनं गोणपाट उलगडलं. चौऱ्याहत्तर कोंब! तिचा चेहरा उजळला. मी मात्र वहीत गणित मांडलं आणि चाचरत म्हणाले, "आई, हा योगायोगही असेल. सगळ्या पोत्यातले शंभरात सत्तरच्या वर उगवतीलच, असं एवढ्यावरून ठाम म्हणता येत नाही."

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि शिकून काय आणलं, तर शंका. मला ओशाळल्यासारखं झालं.

"मग जरा दाट पेरू," आई सहज म्हणाली.

पुस्तकातलं उत्तर 'पुरेसा पुरावा नाही' इथं संपतं. तिथं पोचले की मला नेहमी दार बंद झाल्यासारखं वाटायचं. खात्री नसली तरी पेरता येतं, फक्त मूठ थोडी सैल सोडायची, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

आईनं कोंब आलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. "ह्यांची तर खात्री हाय ना? जा, परसात लाव."