पुसलेली फाईल

प्रयोगशाळेत तिला सगळे आकडेबाई म्हणत. बिनतारी उपकरणं बाजारात जाण्याआधी त्यांच्या लहरी तपासायच्या, हे तिचं काम. स्पेक्ट्रम अॅनालायझर या यंत्राच्या पडद्यावर गवतासारखी हलणारी रेघ असायची. तिच्यातून एखादं टोक वर आलं की ते कितीवर गेलं ते वाचायचं, वहीत उतरवायचं, खाली सही करायची. अशी एकोणीस वर्षं गेली. डोळ्यांना जाड भिंगं लागली.

एकदा तिने चौसष्टचे सेहेचाळीस लिहिले. साहेबांनी सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. ते तिच्या जिव्हारी लागलं. यंत्राच्या पाठीमागे आकडे थेट कॉम्प्युटरवर घ्यायला केबल जोडायचं एक तोंड होतं, आजवर कुणी त्याला हात लावला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ती माहितीपुस्तक घेऊन बसू लागली. केबल जोडली तरी कॉम्प्युटर यंत्राला ओळखच देईना. शेवटी तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दिराला फोन केला.

"वहिनी, यंत्रावर जो आकडी पत्ता दिसतो तोच कॉम्प्युटरवर टाकलाय का?"

पत्ता टाकला आणि एक बटण दाबताच हजार एक आकडे तक्त्यात येऊन पडले. ती एकटीच हसली.

त्याच आठवड्यात नर्सला बोलवायला रुग्णांच्या उशाशी लावायची बिनतारी घंटा तपासायला आली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. फाईलमध्ये मात्र लहरीचं एक टोक ठरलेल्या मर्यादेच्या नऊ डेसिबल वर गेलेलं होतं. ती साहेबांकडे गेली.

"पडद्यावर दिसलं का तुम्हाला?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत जातं ते, सर. फाईलमध्ये आहे."

"मग जेवढं दिसलं तेवढंच वहीत लिहा. घंटा उद्या जायचीय. आणि ती फाईल काढून टाका."

तिची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, आणि कागद साहेबांच्या टेबलावर होता. तिने वही भरली, सही केली आणि फाईल पुसली.

आठ महिन्यांनी चौकशी आली. एका रुग्णालयात एक घंटा वाजली की तिच्या जादा लहरीमुळे शेजारची वाजायचीच नाही. एक आजोबा घंटा दाबून दाबून थकले, स्वतःच उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

अधिकाऱ्याने वही उघडली. अक्षर तिचं, सहीही तिचीच. "फाईल होती," ती म्हणाली, "साहेबांनी काढायला लावली."

साहेबांनी चष्मा पुसला. "हाताने लिहिताना अशा चुका होतातच. म्हणून तर मी केबल बसवून घेतली."

दिराने त्या कॉम्प्युटरवर फाईल शोधून बघायची तयारी दाखवली. पण कॉम्प्युटर केव्हाच बदलला होता. तिला काढल्याचं पत्र आलं. साहेब आहेत तिथेच राहिले.

नवरा म्हणाला, "झालं गेलं, आता विसर." तिला जमेना. एका दुपारी ती आजोबांच्या घरी गेली. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुनेने दारातच विचारलं, "आपण कोण?"

"ती घंटा तपासणारी मी."

सून म्हणाली, "म्हणजे तपासली होती?"

"हो," ती म्हणाली.

सुनेने दार लावून घेतलं.