निषेधाच्या फ्लेक्सवरचं भोक

माझ्या एकुलत्या एक मुलीला मी भर दुपारी, चौकात, शिडीवर चढून ब्लेडनं कापून काढलं. (फ्लेक्सवरून. पोलिसांना बोलावू नका.) याला दोन वर्षं झाली, तरी आमच्या कळंबच्या चौकातून जाताना मी मान खाली घालतो आणि गाडीचा वेग वाढवतो.

झालं असं. बारामती-इंदापूरकडच्या, म्हणजे नीरा नदीच्या काठच्या आम्हा लोकांचं एक मंडळ आहे, 'नीराकाठकर मंडळ'. वर्षातून एकदा हुरडा, एकदा गुणवंतांचा सत्कार आणि उरलेले दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर शुभ सकाळ. निवृत्त मराठी शिक्षक म्हणून मी तेव्हा त्याचा चिटणीस होतो. एके सकाळी अध्यक्ष तात्यांनी ग्रुपवर बातमी टाकली. पुण्यात राहणाऱ्या आपल्याच भागातल्या काही पोरांनी, म्हणजे ज्या मुलांना मुलं आवडतात आणि मुलींना मुली, त्यांनी एक गट काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'नीराकाठकर'! पाठोपाठ तात्यांचा फोन.

"मास्तर, आपला शब्द पळवला की वो! उद्या नातवाला पोरगी बघाय गेलो अन् म्हणलं आमी नीराकाठकर, तर समोरचा काय समजंल?"

माझं भाषाप्रेम उफाळून आलं. (ते नको तेव्हाच उफाळतं.) "तात्या, कुणीबी उठावं अन् आपलं नाव लावावं, असं चालायचं न्हाय!" मी गरजलो आणि दहा मिनिटांत मजकूर लिहून काढला: 'आम्हीच खरे नीराकाठकर! आमच्यात तसलं कुणी नव्हतं, नाही आणि असणार नाही! जाहीर निषेध!!' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मी बायकोला दोनदा सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, भारावली असेल.

आता आमच्याकडे फ्लेक्सचा एक अलिखित कायदा आहे. मजकूर वाढदिवसाचा असो नाहीतर निषेधाचा, खाली फोटो लागतातच. आणि ज्याचा राहतो, तो पुढची तीन वर्षं आपल्या घरच्या लग्नाला येत नाही. म्हणून बारामतीच्या फ्लेक्सवाल्यानं "सर, खाली कोण कोण घ्यायचं?" असं विचारलं, तेव्हा मी मोबाइलमधले सगळेच पाठवून दिले: तात्या, दोन्ही मेहुणे, शेळगावचे साडू, बायको आणि पुण्यात नोकरी करणारी माझी लेक वैशू. विचारायचं काय त्यात? आपलीच तर माणसं! वैशूचा फोटो सगळ्यात झकास होता. त्या भल्या माणसानं तो मधोमध, माझ्यापेक्षाही मोठा लावला, 'तसलं कुणी नव्हतं'च्या बरोबर खाली.

शनिवारी वैशू एसटीतून उतरली, ती नेमकी फ्लेक्स लावलेल्या त्या चौकातच. घरी येऊन पिशवी ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आप्पा, मला न विचारता माझा फोटो लावलात?"

"अगं, पण किती छान दिसतीयास!"

"तो गट मी काढलाय, आप्पा. मी आणि आणखी चौघांनी. मी त्यातलीच आहे."

"कशातली?" मी विचारलं. (पस्तीस वर्षं पोरांना आकलनाचे प्रश्न घालणारा माणूस मी!) मी मदतीसाठी स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"मला दिवाळीपासनं ठावं हाय," कणीक मळता मळता बायको म्हणाली. "तुमाला सांगाया ती भीत हुती. मीच म्हणलं, बाप शिकलेला हाय, ऐकून घील. म्हणून तर आज आली ती. अन् तुमी बोर्ड लावून बसला!"

"आमच्या गटातल्या पोरांना मी सांगायचे, घरी बोला, घाबरू नका," वैशू म्हणाली. तिनं पिशवी परत उचलली. "आता त्या सगळ्यांनी मोबाइलवर या बोर्डाचा फोटो बघितलाय. दुपारच्या गाडीनं जाते मी. परत कधी येईन, सांगता येत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी केलंच पाहिजे होतं. पण अख्खा बोर्ड उतरवला तर तात्यांना कारण सांगावं लागणार! म्हणून मी डोकं चालवलं, शेजाऱ्याची शिडी आणली, चौकात चढलो आणि फक्त वैशूचा फोटो कापायला घेतला. खाली माणसं जमली.

"सर, पोरीनं पळून जाऊन लगीन केलं का?" चहावाल्यानं विचारलं.

"न्हाय!"

"मग घरातनं काढली का काय तिला?"

"गप ए!"

फोटो निघाला आणि मी शिडीवरूनच मान मागं घेऊन पाहिलं. वर 'आमच्यात तसलं कुणी नाही', आणि खाली माझ्या लेकीच्या जागी आभाळ दिसेल एवढं भोक! जे झाकायला चढलो होतो, त्याची मी चौकात दवंडी पिटली होती. खाली वैशू पिशवी घेऊन उभी होती. माझ्या हातात तिच्या फोटोची गुंडाळी.

"आप्पा, मला कापलंत?" ती हळूच म्हणाली. "चूक बोर्डाची होती. माझी नव्हती."

मी घाईघाईनं बोर्डाच्या दोऱ्या कापल्या. एकदम सगळ्या! बोर्ड आला तो माझ्यासकटच खाली. तेवढ्यात तात्यांची स्कूटर थांबल्याचं ऐकू आलं.

"मास्तर, कुठं हाय?"

"हितं, बोर्डाखाली!"

"आरं, पाडला का पण?"

"मजकूर खोटा हाय, तात्या. मी लिवला, चूक माझी हाय. हितं जन्मला तो नीराकाठकर. शब्द काय आपल्या बापाचा हाय व्हय?" वैशूबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. ते सांगायचं का नाही, हे तिचं ती ठरवणार होती. तात्यांनी माझं चिटणीसपद तिथंच काढून घेतलं. मला फ्लेक्सखालून ओढून काढेपर्यंत वैशूची गाडी निघून गेली, कारण ओढत होती ती वैशूच.

तिनं मला माफ केलंय का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. पण ती घरी येते. हे सगळं लिहून झाल्यावर या खेपेला आधी तिला वाचायला दिलं आणि म्हणालो, "तुझं नाव बदलू का? उगाच लोक काहीबाही बोलतील."

तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत दिला. "माझं राहू द्या, आप्पा. तुमचं तेवढं कुठं येऊ देऊ नका. हिचा बाप असला होता म्हणून कळलं, तर चारचौघांत मला लाज वाटेल."